शेण थंड होऊ द्या, मग गांडुळे सोडा: दोन-तीन जनावरांच्या गोठ्यासाठी गांडूळ खत

आमचा पहिला बेड, म्हणजे गांडुळांसाठी शेणाने भरलेला लांबट वाफा, एका रात्रीत गेला. दोन दिवसांचे शेण भरले, पाणी मारले, विकत आणलेली दोन किलो गांडुळे वर पसरली आणि बारदान झाकून निवांत झोपलो. सकाळी बारदान उचलले तर निम्मी गांडुळे कडेला गुच्छ करून कापडाला चिकटली होती. आत हात घातला तर शेण चांगले गरम लागले. आतली गांडुळे पांढुरकी पडून हातात तुटत होती. शेण किती जुने हवे, हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि विचारायचे आम्हाला सुचले नव्हते.

नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण इथेच अडतात, आणि मग "आमच्याकडे गांडूळ टिकत नाही" म्हणून शेड मोडतात. म्हणून या लेखात शेणाबद्दल जास्त लिहितो आहे, गांडुळांबद्दल त्या मानाने कमी. आम्ही संगमनेर भागातले, दुधाचा धंदा. गोठ्यात दोन संकरित गायी आणि एक म्हैस. एवढ्याच व्यापाचा माणूस समोर धरून सांगतो.

आधी हिशेब

संकरित गाय किंवा म्हैस दिवसाला साधारण १५ किलोच्या आसपास ओले शेण टाकते. बांधा मोठा आणि वैरण भरपूर असेल तर त्याहून जास्त. तीन जनावरांचे महिन्याला तेराशे-चौदाशे किलो धरा. त्यात पाणीच ८० टक्क्यांच्या घरात, त्यामुळे पंधरा-वीस दिवस ठेवल्यावर ढीग बराच बसतो. १० फूट लांब, ३ फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा बेडमध्ये भुसकटासकट ७०० ते ८०० किलो माल मावतो. म्हणजे महिन्याला अंदाजे एक बेड भरेल एवढे शेण तुमच्याकडे आहे. पहिल्या बेडचे खत तयार व्हायला दोन ते अडीच महिने लागतात, म्हणून शेवटी तीन बेड फिरते ठेवावे लागतात. पण सुरुवात एकाच बेडने करा. बाकीचे शेण सध्या उकिरड्यावर जाते तसे जाऊ द्या.

एका बेडमधून खत निघेल ते भरलेल्या मालाच्या निम्मे, ३५० ते ४०० किलो.

आणखी एक हिशेब आत्ताच मांडतो, कारण गांडूळ खताबद्दल फार वाढवून बोलले जाते. चांगल्या गांडूळ खतात नत्र दीड टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे एका टनात १५ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत ४६ टक्क्यांनी २० किलोवर नत्र असते. नुसत्या नत्राच्या तराजूत तोलले तर टनभर गांडूळ खत एका गोणीला पुरत नाही. ज्यांना हे माहीत नसते ते पहिल्याच वर्षी रासायनिक खत पूर्ण बंद करतात, पीक पिवळे पडते आणि दोष गांडुळाला येतो. या खताची कमाई वेगळी आहे. त्यातले नत्र सावकाश मिळत राहते, जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढतो, माती भुसभुशीत होते, ओल धरून ठेवते. हे दोन-तीन हंगामांनी हाताला जाणवते.

जागा

सावली, निचरा आणि गोठ्याजवळ, एवढे तीन गुण पाहिजेत. छप्पर पाचटाचे चालते आणि उन्हाळ्यात पत्र्यापेक्षा थंडही राहते. पत्रा असेल तर त्यावर पाचट टाका. जमीन चोपून टणक करा आणि एका बाजूला हलका उतार द्या. वीटकाम करायची घाई नको. बाजारात जाड प्लॅस्टिक कापडाचे तयार बेड मिळतात, ते पहिल्या वर्षाला पुरेसे आहेत. नाहीतर जमिनीवर ताडपत्री अंथरून नुसता ढीग लावला तरी चालते. कोकणात किंवा गोव्यात करत असाल तर ओटा फूटभर उचलाच. तिथल्या पावसात जमिनीवरचा बेड खालून भिजतो आणि माल सडतो.

रुंदी चार फुटांवर नेऊ नका. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे.

शेण थंड करणे

ताज्या शेणाचा ढीग लावला की त्यातले सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि ढीग तापतो. मधल्या भागात उष्णता ५०-६० अंशांपर्यंत जाऊ शकते. गांडुळाला २० ते ३० अंश मानवते, ३५ च्या वर ते तगत नाही. शिवाय ताज्या शेणात आणि त्यात मिसळलेल्या गोमूत्रात अमोनिया असतो. गांडूळ कातडीतून श्वास घेते, त्यामुळे तो त्याला थेट भाजतो. ही दोन्ही कारणे पंधरा-वीस दिवसांत आपोआप जातात, फक्त तेवढे दिवस द्यायला हवेत.

पद्धत सोपी आहे. सावलीत शेणाचा दीड-दोन फूट उंच, लांबट ढीग लावा. त्यात गव्हाणीतली चघळ, सोयाबीनचे भुसकट, बारीक केलेले पाचट किंवा वाळलेला पाला मिसळा. शेण चार पाट्या असेल तर हे एक पाटी. भुसकटाने हवा खेळती राहते आणि नुसत्या शेणाचा चिखल होत नाही. एकदा पाणी मारा आणि दर चार-पाच दिवसांनी दाताळ्याने ढीग खालीवर करा. पहिल्या वेळी वाफ निघेल, दुसऱ्या वेळी कमी, चौथ्या वेळेपर्यंत बहुधा निघणार नाही.

ढीग तापणे वाईट नाही, हेही लक्षात घ्या. त्या तापात गाजरगवताचे आणि इतर तणांचे पुष्कळ बी मरते. गांडुळांचा बेड तापत नाही, त्यामुळे इथे वाचलेले बी खतातून सरळ शेतात जाते. म्हणून ढीग पलटताना बाहेरचा भाग आत आणि आतला बाहेर, असे मुद्दाम करायचे. पलटताना इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, जाड अळी दिसली तर वेचून नष्ट करा. ती हुमणी, पिकाची मुळे खाणारी. उसाच्या भागात तिने काय होते ते वेगळे सांगायला नको, आणि कच्च्या शेणखतातून ती शेतात जाते.

थंड झाले की नाही, हे कसे ओळखायचे? आमच्या आईला थर्मामीटर लागत नाही. ती कोपरापर्यंत हात ढिगात घालते आणि सावकाश दहा आकडे मोजते. हाताला गारवा लागला आणि बाहेर काढलेल्या मुठीचा वास घेतल्यावर नाकात झिणझिणी आली नाही, की ढीग तयार. रंगही हिरवट-पिवळा जाऊन काळपट तपकिरी झालेला असतो.

उलटी चूकही होते. सहा महिने उकिरड्यात कुजलेले शेणखत बेडमध्ये भरले तर गांडुळाला खायला त्यात फारसे उरलेले नसते. ती मरत नाहीत, पण बारीक राहतात आणि वाढत नाहीत.

आता शेणात काय येता कामा नये ते. गोठा फिनाइलने धूत असाल तर त्या पाण्यातले शेण बेडला नको. जनावराला जंताचे औषध दिले की त्याचे शेण तीन आठवडे वेगळे टाका. आयव्हरमेक्टिनसारख्या औषधांचा बराचसा भाग शेणातून बाहेर पडतो. गोचिडांसाठी फवारणी केली असेल तेव्हाही तेच. हे कुणी सांगत नाही, आणि चांगला चाललेला बेड अचानक बसला की माणूस चक्रावतो. जंताच्या औषधाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवायची सवय आम्हाला त्यामुळेच लागली.

गोमूत्र वेगळे गोळा करता आले तर उत्तम, नाहीतर शेणाच्या ढिगात जिरू द्या. बेडवर मात्र कधीच ओतू नका. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या टणक असतात, त्या फोडून, दोन-तीन दिवस भिजवून मगच ढिगात मिसळा. कोंबडीखत फार तिखट असते, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. गोबरगॅसची मळी मात्र उत्तम. टाकीत ती आधीच आंबून गेलेली असल्याने फारशी तापत नाही. आठवडाभर पसरून पाणी उडू दिले की वापरता येते.

गांडूळ कुठले आणि कुठून

शेतात नांगरताना दिसणारी गांडुळे धरून आणू नका. त्यातली बहुतेक माती खाणारी, खोल बिळे करणारी असतात, शेणाच्या ढिगात ती थांबत नाहीत. आपल्याला वरच्या थरात राहून कुजके खाणारी जात हवी. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी आयसेनिया फेटिडा मिळते. तांबूस तपकिरी रंग, अंगावर फिकट पिवळसर वलये, लांबी तीन-चार इंच. दुसरी युड्रिलस युजेनी. ती लांब आणि जाड असते, उन्हात जांभळट-निळसर चमकते आणि खाते भरपूर, पण थंडी तिला सोसत नाही. नाशिक-नगरकडच्या थंडीत आयसेनिया जास्त भरवशाची, कोकणात दुसरीही चालते.

जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या भागात माहितीही मिळते आणि बऱ्याचदा गांडुळेही. ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेत असाल तर नुसती निवडलेली गांडुळे मागू नका, चालू बेडमधला माल पाटीभरून मागा. त्यात लहान पिल्ले आणि अंडकोष, म्हणजे गांडुळांच्या अंड्यांच्या बारीक पिशव्या, येतात आणि ओळखीच्या खाद्यासकट आल्याने गांडुळे लवकर रुळतात. भाव ठरवताना मात्र डोळे उघडे ठेवा. निवडलेल्या मोठ्या गांडुळांच्या एका किलोत हजाराच्या आसपास नग असतात. खतात मिसळलेला किलो त्याच भावाने घेणे म्हणजे शेण विकत घेणे.

१० बाय ३ फुटांच्या बेडला तीन किलो गांडुळे बरी. दोन किलोही चालतात, पण मग पहिले खत उशिरा निघते, एवढेच. बेड मानवला तर दोन-अडीच महिन्यांत संख्या दुप्पट होते. दुसऱ्या बेडसाठी पुन्हा पैसे घालायची गरज पडू नये.

बेड भरणे

तळाला तीन-चार इंच जाड काडीकचरा घाला: तुरीच्या काड्या, उसाचे पाचट, नारळाच्या शेंड्या, जे असेल ते. यातून जास्तीचे पाणी झिरपते. त्यावर थंड केलेले शेण-भुसकट हलक्या हाताने पसरा. दाबू नका आणि तुडवू तर मुळीच नका. उंची दीड फुटापर्यंत, दोन फुटांच्या वर कधीच नाही. जास्त उंच बेड स्वतःच्या वजनाने बसतो, आतली हवा संपते, आणि भरपूर माल एका जागी आल्याने पुन्हा तापायला लागतो.

आता झारीने पाणी मारा आणि मूठ आवळून बघा. लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून फार तर एक-दोन थेंब दिसले पाहिजेत. धार लागली तर पाणी जास्त, लाडू फुटला तर कमी.

भरल्यावर तीन-चार दिवस बेड तसाच राहू द्या. मग गांडुळे सोडायच्या आदल्या दिवशी एक काम करा. आमचे नुकसान झाले त्यानंतर हे काम आम्ही एकदाही टाळलेले नाही. जुना डबा घ्या, त्याला भोके पाडा, बेडमधलेच शेण त्यात भरा आणि पंधरा-वीस गांडुळे वर ठेवा. झाकण लावून सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी सगळी आत शिरलेली आणि चपळ असली तर बेड तयार आहे. झाकणाला चिकटली असली, सुस्त पडली असली किंवा मेली असली तर आठ दिवस थांबा. पंधरा गांडुळे गेली तर चालेल, तीन किलो जाऊ नयेत.

सोडायची वेळ सकाळची धरा. गांडुळांना उजेड नको असतो, वर ठेवली की ती आपोआप खाली जातात. अर्ध्या तासाने बघा. जी खाली गेलेली नाहीत ती जखमी किंवा मेलेली समजा आणि काढून टाका. मग ओले बारदान झाका. पहिल्या दोन रात्री शेडमध्ये दिवा लावून ठेवला तर नवी गांडुळे बाहेर पडत नाहीत.

रोजचे काम

उन्हाळ्यात रोज, हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड आणि पावसाळ्यात गरज पाहून पाणी. पाणी बारदानावर मारायचे, झारीनेच, पाइपची धार सोडायची नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा शेडच्या पश्चिम बाजूला ओली गोणपाटे टांगतो आणि दुपारी त्यावर पाणी मारतो. तेवढ्याने बेड तगतो.

आठवड्यातून एकदा बारदान काढून हाताने वरचे सहा इंच मोकळे करा. खोरे-कुदळ बेडजवळ आणू नका. वास मातीसारखा यायला हवा. आंबट किंवा सडका आला तर पाणी जास्त झाले आहे. दोन दिवस पाणी बंद ठेवा, मोकळे करा, कोरडे भुसकट मिसळा.

घरातल्या भाज्यांची देठे, फळांच्या साली थोड्या थोड्या घालता येतात. लिंबू-मोसंबीच्या साली, तेल-मीठ लागलेले उरलेले अन्न, लोणचे, मटणाची हाडे हे मात्र नको.

शत्रू पुष्कळ. लाल मुंग्या सगळ्यात वाईट. बेडभोवती वीतभर रुंद चर काढून त्यात पाणी भरून ठेवा. मुंग्या आल्याच तर बहुधा बेड कोरडा पडलेला असतो, आधी ओल तपासा. कीटकनाशक पावडर टाकू नका, मुंग्यांबरोबर गांडुळेही जातील. उंदीर-घुशींसाठी तळाला आणि बाजूंना बारीक जाळी. कोंबड्या मोकळ्या फिरत असतील तर वरही जाळी लागते. दोन कोंबड्या अर्ध्या दुपारी बेड उकरून साफ करतात.

खत काढणे

पन्नास-साठ दिवसांनी वरचा थर चहाच्या पावडरीसारखा दाणेदार, काळा दिसायला लागतो. मूळ शेण ओळखू येत नाही. हाताला चिकटत नाही. तेव्हा पाणी बंद करा. चार-पाच दिवसांत वरचा भाग सुकतो आणि गांडुळे ओलीच्या मागे खाली उतरतात.

मग ताडपत्रीवर, उजेडात पण कडक उन्हात नाही, खताचे फूट-दीड फूट उंच शंकूसारखे ढीग करा. तासाभराने ढिगाच्या पायाशी वाकून बघा. वरचा भाग स्थिर असतो आणि खाली एकमेकांत गुंतलेल्या गांडुळांचा लालसर गोळा झालेला असतो. वरून हाताने खत काढत जा, थांबा, परत काढा. शेवटी तळाला जवळपास नुसती गांडुळे राहतात. आमच्या मुलांचे हे आवडते काम आहे.

खत बारीक चाळणीने चाळा. चाळणीवर राहिलेला भरडा फेकू नका. त्यात ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे लहान, लिंबाच्या आकाराचे पिवळसर-तपकिरी अंडकोष असतात. एकेकातून दोन-तीन पिल्ले निघतात, साधारण तीन आठवड्यांत. हा भरडा सरळ पुढच्या बेडवर टाका. चाळलेले खत सावलीत हलके सुकवा आणि थोडी ओल राखूनच गोण्यांत भरा. अगदी कोरडे केले तर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. विकायचा विचार असेल तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात गांडूळ खताचे निकष दिलेले आहेत आणि त्यात ओलही धरलेली आहे. तालुक्याच्या कृषी कार्यालयात आधी विचारून घ्या.

कुठे वापरायचे

एका बेडचे ३५०-४०० किलो खत एकरभर उधळून काही हाती लागत नाही. एकराला दोन टन लागते. म्हणून सुरुवातीला रोपवाटिका, परसातला भाजीपाला, डाळिंब किंवा आंब्याचे आळे, अशा मोजक्या जागी द्या. लहान झाडाला दोन-तीन किलो, मोठ्याला पाच ते दहा. देताना मातीत मिसळा आणि वर पाचट झाका, उन्हात उघडे टाकू नका. कुंडीला तीन भाग माती, एक भाग खत.

खताबरोबर गांडुळेही शेतात सोडली म्हणजे जमीन सुधारते, असे बरेच जण समजतात. बेडमधली ही जात मोकळ्या, तापलेल्या मातीत तग धरत नाही. तिला शेणच लागते. शेतातली गांडुळे वाढवायची तर पाचट जाळणे थांबवा आणि माती झाकून ठेवा, तिथलीच गांडुळे परत येतात. बेडमधली बेडमध्येच ठेवा.

पहिला बेड रिकामा होईल त्या दिवशी दुसऱ्यासाठी थंड शेण तयार असले पाहिजे, कारण गांडुळांना थांबवून ठेवता येत नाही. म्हणून पहिल्या बेडला चाळीस दिवस झाले की पुढचा ढीग लावायला घ्या, आणि ढीग लावल्याची तारीख खडूने भिंतीवर लिहा, जंताच्या औषधाच्या तारखेशेजारीच.